यादी सोडा, नदी धरा: गोव्याच्या आतल्या भागातले चार दिवस

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज कुठे चुकला असेल तर कळेल. तुम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने डिसेंबरात चार दिवसांसाठी गोव्यात येताय. सोबत यजमान, सत्तरीला टेकलेले सासू-सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी. कळंगुट, बागा, जुनं गोवं, मंगेशी, दूधसागर हे मागच्या तीन खेपांत झालंय. आता ‘लोकांना माहीत नसलेला गोवा’ बघायचाय, त्यासाठी फोनवर बावीस ठिकाणं साठवून ठेवली आहेत. राज्य एवढंसं आहे, तर चार दिवसांत ती होतील ना, आणि मुलीला देवळं-गुहा बघून कंटाळा येणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी डिचोलीचा. एकवीस वर्षं झाली, पाहुण्यांना समुद्राकडे पाठ करून आतल्या गोव्यात फिरवतो. आधी सरळ उत्तर देतो: बावीस होणार नाहीत. दहा-अकरा होतील, आणि तेवढी झाली तर घरी गेल्यावर सासूबाईसुद्धा कुठल्या दिवशी काय पाहिलं ते न चुकता सांगतील. मुलीच्या कंटाळ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याला जरा जागा लागेल.

राज्य छोटं आहे हे खरंच. ३,७०२ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने देशात सगळ्यात लहान. तुमचा एकटा नाशिक जिल्हा याच्या चौपटीहून मोठा आहे. पण इथला नकाशा फसवतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेकडे समुद्राला जातात, मधे खाड्या, बेटं आणि डोंगरांच्या सोंडा. मांडवीवर पणजीजवळ मोठा पूल झाला १९७० साली, तोही १९८६ मध्ये कोसळला. त्याआधीची कैक शतकं माणसं, भात, सुपारी, देव, सैन्य, सगळं होडीतून जात होतं. म्हणून जुनी गावं, देवळं, राजधान्या नदीच्या काठाने वसलेल्या आहेत. आजचे मोठे रस्ते मात्र या नद्या आडव्या कापत उत्तर-दक्षिण धावतात. फोनवरची यादी तुम्हाला या नदीवरून त्या नदीवर उड्या मारायला लावते. चाळीस किलोमीटरला सव्वा तास जातो, आणि दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध काय हे कुणालाच कळत नाही.

माझा नियम साधा आहे. एका दिवसाला एक नदी. तिच्या काठाने जे येईल ते पाहायचं, बाकीचं पुढच्या खेपेला.

आणखी एक गोष्ट कळली की आतला गोवा उलगडतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हा भाग पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतला. या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग त्यांच्याकडे पक्का झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. या नव्या काबिजादी. मधल्या दोनशे-अडीचशे वर्षांत किनाऱ्याकडची देवळं पाडली गेली आणि देव नदी ओलांडून पलीकडे नेले गेले. तुम्ही पाहिलेला मंगेशसुद्धा असाच कुठ्ठाळीहून फोंड्याच्या बाजूला आलेला. तुम्ही ज्याला लपलेला गोवा म्हणताय तो बराचसा या नव्या काबिजादींमधला आहे. तो कुणी लपवलेला नाही, लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. फक्त तो समुद्राच्या वाळूच्या वाटेवर नाही.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. सासूबाईंना वीस-पंचवीस पायऱ्या चढवतात का? गाडी किती उंचीची आहे? आणि तारखा नेमक्या कुठल्या? ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा मोठा उत्सव, असतो, त्याच्या आगेमागे त्या बाजूचे रस्ते आणि फेरीबोटी गच्च भरतात. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत तर सगळा गोवाच भरलेला असतो. दुसरा किंवा तिसरा आठवडा मिळत असेल तर तो घ्या, आणि शनिवार-रविवार दूरच्या गावासाठी ठेवा.

राहायचं कुठे? पणजीत किंवा किनाऱ्यावर नको, रोजचे दोन-अडीच तास येण्या-जाण्यात जातील. तुम्ही कोल्हापूर-बेळगावमार्गे येणार असाल तर चोर्ला घाटाने उतरा. रस्त्याची स्थिती त्या आठवड्यात विचारून घ्या, पण उजेडात उतरलात तर घाटातून अंजुणे धरणाचं पाणी दिसतं आणि तुम्ही थेट सत्तरीत पोचता. म्हणजे पहिल्या दोन रात्री साखळी किंवा डिचोलीच्या आसपास आणि पुढच्या दोन केपे, सांगे या बाजूला.

आता पहिला दिवस, मांडवीचा. या दिवशी एका देवाच्या मागे जायचं.

सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव. त्याचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. बहमनी राजवटीत ते पडलं, विजयनगरच्या काळात पुन्हा उभं राहिलं, आणि १५६० साली पोर्तुगीजांनी पाडलं. लिंगाचा दगड विहिरीवर रहाटासाठी वापरला जात होता आणि भक्तांनी तो रातोरात नदीपार नेला, असं सांगतात. पलीकडच्या डिचोलीच्या काठावर, नार्वे गावी, देव पुन्हा स्थापन झाला. दिवाडीवरच्या त्या जागेचं नावही नार्वेच, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना एकच नाव.

बहुतेक लोक गाडीने थेट नार्व्याच्या देवळात जातात, दहा मिनिटं थांबतात आणि निघतात. तुम्ही जुन्या गोव्याहून सुरुवात करा. व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता धक्क्यावर उतरतो, तिथून फेरीबोट दिवाडीला जाते. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीवर चढायचा फळा कमी-जास्त कलता होतो, म्हणून सासू-सासऱ्यांना गाडीतून उतरवून चालत चढवा आणि गाडी रिकामी चढू द्या. दिवाडीवर टेकडीवरचं पिएदाद चर्च बघा. तिथल्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपलमध्ये जुन्या देवळाचं कोरीव दगडी छत अजून आहे, तिथे आवाज न करता दोन मिनिटं वर बघत उभं राहायचं. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या नार्व्यात, देवाची तळी आहे. तिथून दुसऱ्या फेरीबोटीने पलीकडे. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून तुम्ही जाता. पाच-सात मिनिटांचा प्रवास असेल, पण सासऱ्यांना ही गोष्ट धक्क्यावरच सांगून ठेवा. बोट सुटल्यावर ते काठाकडे वेगळ्या नजरेने बघतील. मी हे कितीतरी वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय.

नार्व्याच्या देवळात दारावरचा शिलालेख नक्की शोधा. शके १५९०, म्हणजे १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवळाचं काम सुरू झालं, ते त्यात कोरलेलं आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. अलीकडे राज्य सरकारने देवळाचा जीर्णोद्धार केला आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. दुपारी जेवून जरा आडवे व्हा, मग चार वाजता साखळीजवळच्या हरवळ्याला जा. जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. डिसेंबरात धबधब्याची धार बारीक असते हे आधीच सांगतो, पण गुहा गाडीपासून जवळ आहेत आणि सासूबाईंना जमतील.

दुसरा दिवस तांबडी सुर्लच्या महादेवाचा. हे नाव तुमच्या यादीत आहेच, आणि आता ते फारसं अनोळखीही राहिलेलं नाही. तरी मी ते काढायला सांगणार नाही, वेळ तेवढी बदलायला सांगेन. बारा-तेराव्या शतकातलं कदंबकाळातलं हे देऊळ अनमोड घाटाच्या पायथ्याशी, महावीर अभयारण्याच्या जंगलात, ओढ्याच्या काठी आहे. काळ्या दगडाचं. पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी जा. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि पहिल्या गाड्यांमध्ये पोचा. अकरानंतर बसगाड्या येतात आणि मंडपात उभं राहायला जागा उरत नाही. मंडपात गेल्यावर आधी छताकडे बघा, कमळ कोरलंय. मग मधल्या खांबांच्या तळाशी वाका. एका खांबाच्या पायथ्याशी हत्ती घोड्याला तुडवतोय. छोटंसं शिल्प आहे, उभ्याने दिसत नाही. मुलीला सांगा, हत्ती शोध. ती मोठ्यांच्या आधी शोधते, हे ठरलेलं.

परतताना फोंड्याच्या अलीकडे खांडेपारला थांबा. गावातच, नदीजवळ, जांभ्यात कोरलेल्या चार छोट्या गुहा आहेत. एकीच्या छतावर पुन्हा कमळ. सकाळी काळ्या कातळात पाहिलेलं कमळ दुपारी जांभ्यासारख्या भोकाभोकाच्या दगडात बघितलं की कारागिराच्या हाताचा अंदाज येतो. जांभा रेखीव कोरू देत नाही, कडा ढासळतात. म्हणून तिथलं कमळ जाडसर आहे, आणि मला ते जास्त आवडतं.

जेवणाबद्दल इथेच सांगून टाकतो. आतल्या गावांत दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर खानावळी मिटतात आणि चारपर्यंत गाव झोपतं. सासू-सासरे मांसाहार करत नसतील तर ‘शिवराक’ हा शब्द लक्षात ठेवा, इथे शाकाहाराला तेच म्हणतात. सकाळी कुठल्याही गावच्या हॉटेलात पाव-भाजी खा. ती तुमची लोण्यातली पावभाजी नव्हे. वाटाण्याची किंवा बटाट्याची पातळ भाजी, ताजा पाव आणि बरोबर मिरचीचं भजं. कुळागरात, म्हणजे सुपारी, नारळ, मिरी, जायफळ एकत्र असलेल्या बागेत, जेवायचं असेल तर सावई-वेरेच्या बाजूला सोय होते, पण आदल्या दिवशी कळवावं लागतं. तिसऱ्या प्रहरी कुळागरातला गारवा ही वेगळीच चीज आहे. पाटाचं पाणी कुठून येतं आणि कुठल्या झाडाला कधी सोडतात, ते मालकाला विचारा. तिथली माणसं या विषयावर भरभरून बोलतात.

तिसरा दिवस माझा लाडका. कुशावती नदी. लहान नदी आहे, पण तिच्या काठाने तुम्ही अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंत येता.

सुरुवात रिवणच्या पुढे, उसगाळीमळला. नदीच्या वळणावर सपाट जांभ्याची भलीमोठी फरशी आहे आणि तिच्यावर शंभराहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल, हरणं, मोर, नाचणाऱ्या बाया आणि एक चक्रव्यूह. वय हजारो वर्षांचं. १९९३ साली गावकऱ्यांनी अभ्यासकांना दाखवल्यावर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागला. गावाला अर्थातच आधीपासून माहीत होतं.

इथे वेळेचं महत्त्व इतकं आहे की चुकीच्या वेळी गेलात तर न गेल्यासारखंच. दुपारी बारा वाजता गेलेले लोक मला म्हणालेत, तिथे काहीच नाही, नुसता खडक आहे. ऊन डोक्यावर असलं की खोबणीत सावली पडत नाही आणि आकृत्या दगडात विरून जातात. सकाळी साडेआठ-नऊला किंवा संध्याकाळी चारनंतर तिरपं ऊन असताना जा. तेव्हाही पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मी लोकांना काही न दाखवता नुसतं उभं करतो. मग कुणाला तरी एक वळलेली रेघ दिसते, ते शिंग असतं. शिंगाखाली मान दिसते, मग पाठीचं वशिंड, आणि एकदम अख्खा बैल उठून उभा राहतो. एक दिसला की डोळा तयार होतो, मग आजूबाजूला भराभर दिसायला लागतात. चप्पल काढून चाला, काठीने टोकरू नका, आणि फोटो नीट यावा म्हणून खडूने रेघा गिरवू नका. मी स्वतः तिथे खडूचे पट्टे पाहिलेत. रेघ आधीच पुसट, त्यावर खडू घासला की तिची कड जाते, आणि ती पुन्हा कुणाला आणता येत नाही. तिथे कुणी राखणदार असेल तर त्याला पुढे घाला, त्याला प्रत्येक आकृती पाठ असते.

रिवणच्या गुहा वाटेतच आहेत, पण तोंड बुटकं आणि आत अंधार. टॉर्च घेऊन तुम्ही दोघांनी डोकावा, सासू-सासऱ्यांना बाहेर सावलीत बसवा. तिथून जवळच्या नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. पायऱ्या उतरून पाण्यात बघायचं, तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असं म्हणतात. ते खरं की खोटं ते मुलीला ठरवू द्या. एकदा टाळ्या वाजवून मोज, एकदा न वाजवता मोज, असं सांगून बघा.

मग नदीबरोबर खाली केप्याला. कुशावतीच्या काठावर १७८७ साली बांधलेला एका पाद्र्याचा वाडा आहे, पालासियो दो देआंव. हा पाद्री म्हणजे डीन जुझे पावलू द आल्मैदा, आजचं केपे गाव त्यानेच वसवलं. तिथून पुढे चांदर, म्हणजे जुनं चंद्रपूर. भोज राजघराण्याची राजधानी आणि नंतर कदंबांचीही. राजधानीचं आता काय उरलंय? एका शेताच्या तुकड्यात देवळाचा पाया आणि मुंडकं नसलेला नंदी. इतिहासकार फादर हेरास यांनी १९२९ मध्ये इथे उत्खनन केलं. बसगाड्या इथे थांबत नाहीत, पाटीही नजरेतून सुटते. पण सकाळी अश्मयुगीन बैल पाहिला असेल आणि संध्याकाळी त्याच नदीकाठी हा नंदी पाहिला, तर मधलं सगळं अंतर आपोआप लक्षात येतं. त्याच गावात मिनेझिस ब्रागांझा यांचं प्रचंड मोठं घर आहे. लुईश द मिनेझिस ब्रागांझा हे पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणारे पत्रकार. हे वस्तुसंग्रहालय नाही, त्या कुटुंबाचं घर आहे, हे लक्षात ठेवून दार वाजवा. दाखवलं तर पेटीत देणगी टाका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

हे सगळं एका दिवसात बसतं, पण सकाळी साडेसातला निघालात तरच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलातल्या रस्त्यांवर लगेच काळोख होतो. जमत नसेल तर केप्याचा वाडा सोडा, उसगाळीमळ आणि चांदर सोडू नका.

चौथा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवतो. परतीचा प्रवास, एखादं राहिलेलं ठिकाण, सासूबाईंचे पाय. सांग्याजवळच असाल तर साळावली धरणाकडे चक्कर टाका, कारण तिथे एक देऊळ आहे ज्याची गोष्ट तुम्हाला कळायला हवी.

धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर त्याच कुर्डीच्या, किशोरीताई आमोणकरांच्या आई. धरण झालं तेव्हा गाव उठलं आणि लोक वाडे, वालकिणी या नव्या वसाहतींत गेले. गावातलं जुनं महादेवाचं देऊळ मात्र दगड सुटे करून धरणाजवळ आणून पुन्हा रचलं. ते देऊळ डिसेंबरात बघता येतं. गाव बघता येत नाही, ते पाण्यात असतं. तुमच्या यादीत ‘पाण्याखालचं गाव’ म्हणून जे आहे ते हेच, आणि ते फक्त मे महिन्यात, पाणी उतरल्यावर वर येतं. तेव्हा चिखल वाळून भेगाळलेला असतो, माडांचे बुंधे तेवढे उभे असतात, घरांचे जोते आणि तुळशीवृंदावनांचे पाये दिसतात. सोमेश्वराच्या देवळाजवळ जुने गावकरी जमतात, उत्सव करतात, आपापल्या जोत्यावर मुलाबाळांना नेऊन उभं करतात. एका आजीने माझ्यासमोर नातीला हात धरून दाखवलं होतं, ही चूल, हे दार, इथे तुझा आजोबा बसायचा. तिथे जायचं असेल तर मेमध्ये वेगळे या, आणि पाहुणा म्हणून या. कुणाच्या जोत्यावर चढून फोटो काढू नका. ते आजही त्यांचं घर आहे.

आता एका अशा चुकीबद्दल, जी मी स्वतः केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका पुण्याच्या कुटुंबाला मी निरोप दिला, ‘सुर्लला या, मी देवळापाशी थांबतो.’ ते डिचोलीतल्या सुर्लला गेले, खाणीच्या ट्रकांमागे तासभर अडकले, आणि त्यांच्या वडिलांना उन्हाचा त्रास झाला. चूक माझीच होती. गोव्यात एका नावाची गावं अनेक आहेत. सुर्ल तीन: डिचोलीतलं, सत्तरीत घाटावरचं आणि तांबडी सुर्ल. केरीही तीन: पेडण्यात तेरेखोलसमोर, सत्तरीत चोर्ल्याच्या पायथ्याशी आणि फोंड्यातलं. सूरश्री केसरबाई केरकरांचं गाव शोधत लोक पेडण्याच्या समुद्रावर पोचतात. त्यांचं केरी फोंड्यातलं, विजयादुर्गेच्या देवळाचं. म्हणून फोनमध्ये नाव टाकताना तालुका टाका. नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण नेत्रावळी आणि सत्तरीत रेंज जाते. आणि सांगे किंवा वाळपई सोडण्याआधी टाकी भरून घ्या.

थोडक्यात वेळापत्रक असं: पहिला दिवस दिवाडी, नार्वे, हरवळे. दुसरा तांबडी सुर्ल, खांडेपार, जमलं तर कुळागर. तिसरा कुशावती. चौथा मोकळा. यादीतले सावरी आणि मैनापीचे धबधबे यंदा काढून टाका. डिसेंबरात पाणी कमी आणि जंगलातली चढ-उतार सासू-सासऱ्यांना झेपणारी नाही. पावसाळ्यात कधी गेलात तर वनखात्याच्या चौकीवर नोंद करूनच जा, तिथे माणसं बुडालेली आहेत.

यादीतल्या एका नावाबद्दल वेगळं लिहितो. सत्तरीतली निरंकाराची राय. ती देवराई आहे, रानटी जायफळांची दलदल, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर आलेली. गोव्यात अशी जागा क्वचितच सापडेल. तिथे गावातल्या माणसाशिवाय जाऊ नका. मुळं तुडवली तर झाडाला इजा होते, आणि ती राय देवाची म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या फांदीसुद्धा तोडलेली नाही. माझ्या भागातल्या एका ओहोळाचं नाव मी आता कुणालाच सांगत नाही. चार वर्षांपूर्वी त्याचा व्हिडिओ फिरला, आणि एका हंगामात तिथल्या डोहात बाटल्यांच्या काचा इतक्या झाल्या की गावातल्या पोरांनी पोहणं सोडलं. तुम्ही असं करणार नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतं. तरी ठिकाणाचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्या गावातल्या एका माणसाला विचारा.

आता मुलीचं. नऊ वर्षांच्या मुलीला शतकं सांगून उपयोग नाही, तिला चालती वस्तू दाखवा. दिवाडीवर रस्त्याच्या कडेला खाजन शेतं आहेत. खाजन म्हणजे नदीची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. बांधात एका ठिकाणी लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरती येते तेव्हा नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी दाराला ढकलतं, दार उघडतं आणि शेताचं जादा पाणी बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. गावकारीच्या, म्हणजे गावाने जमीन एकत्र सांभाळण्याच्या, जुन्या व्यवस्थेत माणसांनी ही युक्ती शतकानुशतकं चालवली.

त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा. ओहोटी संपून पाणी फिरण्याच्या अर्धा तास आधी मानशीजवळ जाऊन बांधावर बसा, मुलीचा हात धरून, कारण कडा निसरडी असते. तिला एक वाळकं पान पाण्यात टाकायला सांगा. आधी पान नदीकडे सरकत असतं. मग हळू होतं. एका क्षणी ते जागच्या जागी थांबतं, ना इकडे ना तिकडे. आणि मग परत फिरतं, आणि त्याच्या मागोमाग लाकूड लाकडावर बसल्याचा जाड आवाज येतो. माझी मुलगी त्या वयाची असताना तिने एका बैठकीत अकरा पानं टाकली होती. तेवढा वेळ हाताशी ठेवा, नार्व्याची पुढची फेरीबोट मिळेल.